जागच्या जागी

थांबलेल्या मोटारीचे चालू इंजिन जगाच्या उपयोगाचे काहीच करीत नसते. चाक फिरत नाही, ओझे हलत नाही, घाट चढला जात नाही. तरीही हजार-अकराशे सीसीचे जुने इंजिन या अवस्थेत ताशी अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते आणि ते सारे स्वतःच्या प्रपंचावर उडवते. पिस्टनचे सिलिंडरशी घासणे, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबणे, ऑइल पंप, पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो फिरवणे, शिवाय जवळजवळ बंद असलेल्या दारातून श्वास ओढणे, एवढा त्याचा खर्च. जमा तेवढा खर्च, शिल्लक शून्य. जमा जरा कमी पडली की इंजिन बंद पडते, जरा जास्त झाली की उगाच गुरगुरत राहते. इंग्रजीतून आलेला ‘आयडलिंग’ हा शब्द या अवस्थेला रिकामटेकडेपणा ठरवून मोकळा होतो. गॅरेजात तिला नुसते ‘स्लो’ म्हणतात. ‘गाडीचा स्लो पडलाय’, ‘स्लो जरा वाढवा’, ‘स्लो बसतच नाही’, या बोलण्यात आळसाचा आरोप नाही, आणि गॅरेजचेच म्हणणे खरे आहे.

कार्ब्युरेटरच्या मोटारीत हा स्लो दोन स्क्रूंनी बसवतात. ते दोन का लागतात हे कळण्यासाठी कार्ब्युरेटरच्या पोटात शिरावे लागते. कार्ब्युरेटर ही मुळात एक नळी. तिचा गळा मध्यावर अरुंद केलेला असतो. त्या गळ्यातून हवा जोरात जाते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल मेन जेटमधून वर खेचले जाते. गळ्याच्या खाली थ्रॉटल, म्हणजे नाण्यासारखी एक चपटी पितळी चकती. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की ती तिरपी होऊन वाट देते, पाय उचलला की मिटते. मिटल्यावर गळ्यातली हवा इतकी मंदावते की पेट्रोल उचलण्याचा जोर तिच्यात राहत नाही. एवढी मोठी यंत्रणा, पण मोटार थांबली की तिचा मुख्य भाग झोपी जातो.

तेव्हा रात्रपाळीला दुसरी वाट असते. वाटीतून निघणाऱ्या एका बारीक नलिकेत स्लो जेट बसवलेला असतो. त्याचे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. त्यातून आलेल्या पेट्रोलमध्ये थोडी हवा मिसळून त्याचा फेस होतो आणि तो फेस मिटलेल्या चकतीच्या खालच्या अंगाला, एका छोट्या भोकातून इंजिनाच्या ओढीने बाहेर येतो. या भोकात निमुळत्या टोकाचा स्क्रू घुसलेला असतो. हा मिक्श्चर स्क्रू. तो आत घेतला की फेस कमी येतो, बाहेर सोडला की जास्त. दुसरा स्क्रू थ्रॉटलच्या दांड्याच्या आड उभा असतो आणि चकतीला पूर्ण मिटू देत नाही. याला पुस्तकात स्टॉप स्क्रू म्हणतात, गॅरेजात स्लो स्क्रू. श्वास किती घ्यायचा ते स्लो स्क्रू ठरवतो आणि त्या श्वासात पेट्रोल किती असावे ते मिक्श्चर स्क्रू. दोघे एकमेकांच्या कामात सतत लुडबुड करतात. एकाला हात लावला की दुसऱ्याचे बिनसते, आणि स्लो बसवण्याची सारी कटकट आणि सारी गंमत तिथूनच सुरू होते.

(काही कार्ब्युरेटरांत मिक्श्चर स्क्रू फेसाऐवजी हवेच्या वाटेवर असतो. तिथे दिशा उलटी. आत घेतला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. स्कूटर-मोटारसायकलवर हात बसलेला माणूस मोटारीला हात लावतो तेव्हा पहिला घोळ इथेच होतो.)

मिटलेल्या चकतीच्या कडेला उरलेली फट केसाएवढी असते. तिच्या अलीकडे बाहेरची हवा, पलीकडे मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांची पोकळी. तिथला दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही कमी, पुष्कळदा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. भौतिकशास्त्राचा नियम असा की पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या सुमारे 53 टक्क्यांखाली उतरला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिथेच अडते. पलीकडे आणखी ओढ लावली तरी दर सेकंदाला येणारी हवा वाढत नाही. म्हणजे जी मोटार जागची हलत नाही, तिच्या पोटात हवा ध्वनीच्या वेगाने शिरत असते. पाय खालपर्यंत दाबून घाट चढताना थ्रॉटलपाशी हवेला हा वेग कधीच मिळत नाही.

या अडलेल्या हवेचा एक उपकार आहे. दर सेकंदाची हवा ठरलेली असल्यामुळे इंजिन अडखळून मंदावले, तर तीच हवा कमी घोटांत वाटली जाते. प्रत्येक घोट मोठा होतो, स्फोट जोराचा होतो आणि वेग पुन्हा चढतो. वेग उगाच वाढला तर घोट लहान होतात आणि तो आपोआप उतरतो. ना गव्हर्नर, ना वायर, नुसत्या एका फटीच्या जोरावर इंजिन स्वतःचा तोल सांभाळते. त्यात खोट एवढीच की मॅनिफोल्डच्या पोकळीत साठलेली हवा हा निरोप किंचित उशिरा पोचवते. मिश्रण बिघडलेले असेल तर हा उशीर अंगाशी येतो. वेग चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि गाडी झोपाळ्यावर बसल्यासारखी वरखाली होते. गॅरेजात याला ‘हंटिंग’ म्हणतात.

सोलापूरशी या विषयाचे नाते घरचे आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882मध्ये याच गावी झाला, आणि त्यांनी 1944मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट परवान्याची मोटार निघू लागली. चार सिलिंडर, 1089 सीसी, चाळिशीच्या घरातली अश्वशक्ती आणि वर एकाच नळीचा कार्ब्युरेटर. 1970च्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, पण बोलण्यात ती फियाटच राहिली. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती जगाला ठाऊक. तिथली शेवटची नोंदणी 2003ची, आणि ऑक्टोबर 2023मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून उतरली. डिसेंबर 1983मध्ये आलेली मारुती 800 हीसुद्धा सुरुवातीची दीडेक दशके कार्ब्युरेटरवरच चालली. तिचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा 2000च्या सुमारास कार्ब्युरेटर मोटारींतून गेला आणि इंजेक्शन आले. नव्या गाडीत स्लो संगणक सांभाळतो. क्षणाक्षणाला हवेची वाट उघडतो-मिटतो आणि कोणाला काही सांगत नाही. या नव्या गाडीचा स्लो जुन्या गाडीपेक्षा कितीतरी चांगला असतो हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या गोष्टींच्या प्रेमापायी ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यात माणसाला करण्यासारखे काही उरलेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. स्लोची तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्यांची चूक कार्ब्युरेटरची नसतेच. म्हणून शहाणा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवतो आणि आधी बाकीचे घर पाहतो. प्लग काढून त्यांचा रंग बघायचा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट 0.4 ते 0.5 मिलिमीटर हवी. पॉइंट जळून त्यांवर खड्डा आणि उंचवटा पडला असेल तर घासण्यापेक्षा बदललेले बरे. मग टायमिंग, मग टॅपेट. एअर फिल्टर पर्जन्यछायेतल्या या कोरड्या सोलापूर जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा. इथली बारीक पांढरी धूळ फिल्टर तर भरतेच, पण जुन्या झालेल्या पॅकिंगमधून शिरकाव करून स्लो जेटचे आणि त्याच्या हवेच्या वाटेचे छिद्रही धरते. असा जेट काढून हवेच्या दाबाने फुंकून घ्यायचा असतो. त्यात तार घालणारे हात पुष्कळ आहेत. पितळ मऊ असते. तारेने छिद्र साफ होते आणि मोठेही होते, आणि मग ती गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. मालक मात्र कंपनीला शिव्या देतो.

यानंतर हवेची चोरी. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले पॅकिंग फाटले असेल, ब्रेक बूस्टरची किंवा डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी उन्हाने तडकली असेल, तर थ्रॉटलला न विचारता हवा आत येते. मग स्लो स्क्रू पूर्ण सोडला तरी वेग उतरत नाही, किंवा मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नाही. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे पॅकिंगच्या कडेने फिरवले की चोरीच्या जागी सापासारखा फूत्कार ऐकू येतो. ही तपासणी न करता स्क्रू फिरवत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

इंजिन गरम हवे. दहा-पंधरा मिनिटे चालवून आणलेले असावे, चोक पूर्ण मोकळा असावा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवायचा. आवळायचा मात्र नाही. त्याचे टोक सुईसारखे असते, जोर लावला की टोकाला वळी पडते आणि तो कायमचा निकामी होतो. टेकला की तिथून साधारण दीड फेरा बाहेर सोडायचा. इंजिन चालू करून स्लो स्क्रूने वेग नेहमीपेक्षा किंचित वर ठेवायचा. मग मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आत घेत जायचे. प्रत्येक पावानंतर थांबायचे, कारण इंजिनाला उत्तर द्यायला दोन-चार सेकंद लागतात. घाई करणारा माणूस मागच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नाला लावतो. आत घेत गेले की एका जागी इंजिन थरथरू लागते, वेग पडतो, क्वचित कार्ब्युरेटरातून फट् असा आवाज येतो. मिश्रण लीन झाले. मराठीत लीन म्हणजे नम्र, पण लीन झालेले इंजिन फार उद्धट असते. ते शिंकते. आता उलट दिशेने पाव-पाव फेरा बाहेर. वेग चढतो, आवाज गुळगुळीत होतो, मग काही वेळ काहीच बदलत नाही, आणि पुढे आवाज जड होतो. सायलेन्सरमधून भक्-भक् अशी लय येते, वास डोळ्यांना झोंबतो. मिश्रण रिच झाले. या दोन टोकांच्या मध्ये जिथे वेग सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत निवांत, ती जागा हेरायची. ती सापडली की वेग नको तेवढा वाढलेला असतो. तो स्लो स्क्रूने उतरवायचा. उतरवला की चकती थोडी मिटते, ओढ बदलते, मिश्रण बदलते. म्हणून पुन्हा मिक्श्चर स्क्रू, आता अर्ध्या पावाने. पुन्हा स्लो स्क्रू. तीन-चार येरझाऱ्यांत दोघांची समजूत पटते. चार सिलिंडरच्या गाडीला मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे पुरतात. तीन सिलिंडरच्या मारुतीला थोडे वरचे लागतात.

मॉरिस मायनरसारख्या गाड्यांवरच्या एसयू कार्ब्युरेटरला हा मिक्श्चर स्क्रू नाहीच. त्यात खालून जेटच वर-खाली करायचा असतो. पण त्याची परीक्षा सुंदर आहे. आतला पिस्टन एक मिलिमीटरभर उचलायचा. वेग क्षणभर चढून स्थिरावला तर मिश्रण बरोबर, चढतच राहिला तर रिच, इंजिन गचके देऊन मरू लागले तर लीन.

पद्मिनीच्या डॅशबोर्डवर फेरे मोजण्याचा काटा नव्हता. मग 800 फेरे मोजायचे कशाने? कानाने, आणि यामागे नुसता सराव नाही, गणित आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. 800 फेऱ्यांना सेकंदाला 26-27 स्फोट. माणसाचा कान सेकंदाला साधारण विसाच्या खालचे ठोके सुटे ऐकतो, त्याच्या वरचे एकमेकांत मिसळून त्यांचा सूर होतो. म्हणजे बरोबर बसलेला स्लो ठोका आणि सूर यांच्या सीमेवर, सुराच्या बाजूला जरासा झुकलेला असतो. वेग पडू लागला की सूर विरतो आणि ठोके सुटे होतात. हे कोणीही ऐकू शकतो, सांगता मात्र येत नाही. एक सिलिंडर मिस मारत असेल तर त्या सुरात सेकंदाला सहा-सात खड्डे पडतात, आणि इतक्या संथ लयीचे खड्डे लपत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला तर तेही कळते. चांगल्या इंजिनाचा कागद एकसारखा फडफडतो, मिस मारणाऱ्याचा मधूनच आत ओढल्यासारखा होतो. मारुतीच्या तीन सिलिंडरांत 900 फेऱ्यांनाही सेकंदाला 22-23च स्फोट. म्हणून ती उभी असताना थरथरते. तो तिचा स्वभाव आहे, दोष नाही, आणि स्क्रू फिरवून स्वभाव जात नाही.

सोलापुरात ऐकण्याचे हे काम अवघड जागी करावे लागते. अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत, या भागांत चादरी आणि टेरी टॉवेल विणणारे माग भिंतीपलीकडे चालू असतात. मिनिटाला शंभर-दीडशे फटके म्हणजे सेकंदाला पावणेदोन ते अडीच. गॅरेजातल्या इंजिनाचा स्वर आणि मागाचा ठोका इतके वेगवेगळ्या पट्टीतले की कान त्यांना वेगळे ठेवू शकतो. पण माग एक सोडून दहा असतात, त्यांचे फटके एकमेकांत घुसतात आणि मिस मारणाऱ्या सिलिंडरचे सहा-सात खड्डे नेमके त्या गर्दीत हरवतात. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे पाते इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. लोखंडातून आलेला आवाज मागाला आत येऊ देत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा कुठल्याही भाषेत चाललेला संवाद अशा वेळी टॅपेट, पॉइंट, जेट, स्लो या चार शब्दांवर येऊन एक होतो.

गावाची उंचीही हिशेबात धरावी लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 458 मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा चार-साडेचार टक्के विरळ. कार्ब्युरेटर हवा आकारमानाने मोजतो, वजनाने नव्हे, त्यामुळे मुंबईला बसवलेली गाडी इथे जराशी रिच चालते. फरक मोठा नाही, पाव फेऱ्याने भरून निघतो. व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्याची फसगत मात्र मोठी होऊ शकते. पुस्तके सांगतात की निरोगी इंजिनाचा काटा स्लोवर 18 ते 21 इंच पाऱ्यावर स्थिर राहावा. ते आकडे समुद्रकाठचे आहेत. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा, म्हणजे इथे दीड इंच कमी. हे न कळल्यामुळे साडेसोळा इंच दाखवणाऱ्या ठणठणीत इंजिनाचे टायमिंग बिघडवून ठेवणे अगदी सोपे आहे.

उंचीपेक्षा ऊन जबर. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकतो, आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. गरम हवा विरळ होते, मिश्रण आणखी रिच होते, स्लो दुपारी जड आणि गळाठलेला वाटतो. त्याहून वाईट दशा गाडी बंद केल्यावर. पाणी फिरायचे थांबते, इंजिनाची धग वर चढते आणि वाटीतले पेट्रोल उकळू लागते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतात. वाटीतून पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ठिबकते, आणि नवी पेठेत दहा मिनिटांची खरेदी करून आलेल्या मालकाची गाडी स्टार्ट होत नाही. त्यावर उपाय म्हणजे ॲक्सिलरेटर एकदाच खालपर्यंत दाबून धरणे आणि स्टार्टर मारणे. सारखे पंपिंग केले की गाडी आणखी ओव्हर होते. पेट्रोल पंपात वाफ अडकली तर त्याच्यावर ओले फडके टाकण्याचा जुना रिवाज आहे आणि तो शास्त्राला धरून आहे.

अशा दुपारी स्लो बसवणे हीच चूक. उन्हाने रिच झालेल्या गाडीचा मिक्श्चर स्क्रू मेकॅनिकने आत घेतला, तर दुपार सुधारते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी चौकाचौकात बंद पडते. सोलापुरात स्लो बसवायची वेळ सकाळची, आणि तीही उन्हाळ्यात एकदा, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास थंडीत एकदा. वर्षभर एकच माप चालेल असा आग्रह धरणाऱ्यांनी किनाऱ्यावर राहावे.

स्लोची खरी परीक्षा चौकातल्या सिग्नलला होत नाही, ती आषाढात होते. नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या वाटेवर किंवा अकलूजकडून वाखरीला येणाऱ्या रस्त्यावर दिंडीच्या मागे सापडलेल्या मोटारीला तास न् तास चालत्या माणसाच्या वेगाने जावे लागते. जुनी गाडी पहिल्या गिअरात, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ताशी पाच-सहा किलोमीटरने सरकते. वारकरी चारेक किलोमीटरने. फरक एवढासा, तरी दर पाच-पन्नास पावलांनी क्लच दाबावा लागतो आणि ओझे एकदम उतरते-चढते. नीट बसवलेला स्लो हे सगळे मुकाट सोसतो. न बसवलेला तिसऱ्या-चौथ्या वेळी धडपडतो, आणि मग मृदंगाच्या तालात गाडी ढकलण्याची वेळ येते. अशा वेळी आणखी एक जुना परिचय होतो. डायनामोच्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा स्लोवर मिणमिणतो. तो दोष नव्हे. एवढ्या कमी फेऱ्यांत डायनामोतून पुरेशी वीज निघतच नाही.

सरकारही मोटारीला नेमके याच अवस्थेत पकडते. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115वा नियम धुराबद्दल आहे, आणि पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीची नळकांड्यातली तपासणी इंजिन स्लोवर ठेवून होते. जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के. इथे मेकॅनिकचा कान आणि नियम यांत थोडा वाद आहे. कानाला सर्वांत निवांत वाटणारी जागा किंचित रिच असते. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हे पूर्ण जळणाचे प्रमाण, पण इंजिन खूश असते तेराच्या आसपास, आणि तिथे मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून शिस्तीची पद्धत अशी की सर्वांत जास्त वेगाची जागा सापडल्यावर स्क्रू थोडा आत घ्यायचा, वेग वीस-तीस फेऱ्यांनी पडेपर्यंत. कानाला ते किंचित रुक्ष वाटते, पण धूर नियमात बसतो आणि पेट्रोलही वाचते. दुसरी पद्धत सर्वांना ठाऊक आहे. केंद्रावर जाण्यापूर्वी अर्धा फेरा आत, परत आल्यावर अर्धा फेरा बाहेर. कागद स्वच्छ होतो, हवा होत नाही.

गेल्या काही वर्षांत या स्क्रूंपुढे नवा प्रश्न आला आहे आणि तो सोलापूर जिल्ह्याच्या शेतातूनच आला आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात आघाडीवर. उसाच्या रसापासून आणि मळीपासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि 2023पासून 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. एका किलोला नऊच किलो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटर हे ओळखू शकत नाही. तो पूर्वीइतकेच पेट्रोल आणि पूर्वीइतकीच हवा देतो, आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी लीन पडते. 1985ची पद्मिनी आज शिंकू लागली असेल तर तिच्यात काही बिघडले आहेच असे नाही. तिचे अन्न बदलले आहे. मिक्श्चर स्क्रू अर्धा-पाऊण फेरा बाहेर घेतला की स्लो जागेवर येतो. पण हा स्क्रू फक्त रात्रपाळीचा धनी. गाडी पळू लागली की मेन जेटचे राज्य, आणि तिथे मोठ्या छिद्राचा जेट घालण्यावाचून इलाज नाही. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. पंपाचा पडदा, नळ्या, पॅकिंग फुगतात आणि ठिसूळ होतात, आणि मग हवेची चोरी पुन्हा सुरू होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीत पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, आणि पहिल्याच दिवशी वाटीत पेट्रोलऐवजी तेच येते. हौसेने जुनी गाडी सांभाळणाऱ्याने ती पंधरा दिवसांतून एकदा तरी गावाबाहेर पळवून आणावी.

शेवटची तपासणी उरते. स्लो बसल्यावर ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडायचा. वेग खाली येताना इंजिन घुटमळले, बंद पडायला झाले, तर मिश्रण अजून पातळ आहे किंवा थ्रॉटलच्या दांड्याची झीज झाली आहे. दांडा झिजला असेल तर चकती दर वेळी वेगळ्या जागी मिटते आणि कोणताही स्क्रू तिला शिस्त लावू शकत नाही. हेडलाइट लावायचे, वेग थोडा पडेल, पण आवाज तुटता कामा नये. किल्ली बंद करायची. बंद केल्यावरही इंजिन दोन-चार वेळा गुटगुट करीत राहिले, तर स्लो जास्त ठेवला आहे किंवा सिलिंडरमध्ये कार्बन साचून लाल होतो आहे. पुढच्या काळातल्या कार्ब्युरेटरांवर यासाठीच स्लोचे पेट्रोल तोडणारा छोटा विजेचा व्हॉल्व्ह आला.

हे सारे करताना एअर फिल्टर बहुधा काढून बाजूला ठेवलेला असतो, कारण त्याच्याखाली स्क्रूपर्यंत हात पोचत नाही. आता तो परत बसवायचा, झाकण लावायचे, वरचा नट हाताने आवळायचा. फिल्टरमुळे हवेला थोडा अडथळा होतो, मिश्रण तेवढ्यापुरते बदलते, आणि इतका वेळ नीट ऐकलेला आवाज किंचित खाली उतरतो. मग झाकणाच्या कडेखालून स्क्रू ड्रायव्हर तिरपा घालून स्लो स्क्रू अर्धा पाव फेरा आत.